‘मी’ गाळून

आमच्या घरातला कॉम्प्युटर कुठल्याही दुकानात विकत मिळाला नसता. त्याची पेटी एका वकिलाच्या ऑफिसातून टाकून दिलेली, मॉनिटर एका दवाखान्यातला, आणि कीबोर्ड इतका वापरलेला की त्यावरची निम्मी अक्षरं कुणाच्या तरी बोटांनी पुसून नेली होती. दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरी गिऱ्हाइकांनी नको म्हटलेल्या वस्तू अशा हळूहळू जमत जातात, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्या एकमेकींना जोडून बघायचा मोह आवरत नाही. तो पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आतला पंखा घोरल्यासारखा वाजला आणि आमची मुलगी टाळ्या पिटत खुर्चीवर चढली. तिला आम्ही बटण म्हणतो. रांगायला लागली तेव्हापासून दिसेल ते बटण दाबल्याशिवाय तिला पुढे जाता येत नसे, म्हणून.

त्या कॉम्प्युटरनं आम्हाला जेवढं हसवलं तेवढंच छळलंही. बायको चिडली की नुसता मॉनिटर बंद करायची आणि कॉम्प्युटर बंद केल्याच्या समाधानात निघून जायची. तो बिचारा टेबलाखाली घोरतच राहायचा. प्रिंटर इतर वेळी शहाण्यासारखा वागायचा आणि तिच्या कामाचा कागद आला की नेमका अर्धा गिळून बसायचा. "अहो इंजिनिअर," ती दारातून ओरडायची, "दुनियेचे प्रिंटर दुरुस्त करत फिरता, आणि घरचा तेवढा रुसलेला?" एरवी ती मला अरे-तुरे करते, शाळा अर्धवट सोडलेल्या नवऱ्याला इंजिनिअर म्हणणं ही तिची लाडाची चेष्टा. बटणनं एकदा सगळ्या फोल्डरांना मांजरांची नावं देऊन टाकली. अजूनही ‘चिडकं मांजर’ उघडलं की आमच्या लग्नाचे फोटो निघतात.

शाळा सोडण्याचं कारण इतकं लहान आहे की सांगायला लाज वाटते. एक शब्द. स्वतःबद्दल बोलताना सगळेजण ज्यानं सुरुवात करतात तो, ‘म’ला दीर्घ वेलांटी दिलेला. तो तोंडाशी आला की माझे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली आणि धड्यात तो शब्द निघाला की मागच्या बाकांवरून गाय हंबरल्याचे आवाज येत. पण आपली भाषा अडलेल्याला हात धरून पुढे नेते. ‘येतो’, ‘बघतो’, ‘जात होतो’. तो शब्द गाळला तरी बोलणारा कोण ते क्रियापद सांगून टाकतं. तेवढ्यावर आजवर निभावलं. फोनवर ‘कोण बोलतंय?’ आलं की ‘दुकानातून बोलतोय’. दारावर टकटक करणं तेवढं टाळायचो, कारण आतून ‘कोण?’ असं विचारलं की त्याला एकच उत्तर असतं. म्हणून खिशात कायम स्वतःची किल्ली.

बटणच्या खोलीतल्या त्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी बेरीज-वजाबाकीचा एक खेळ तयार केला. उत्तर बरोबर आलं, चुकलं किंवा फार वेळ झाला, की कॉम्प्युटर बोलणार आणि तेही माझ्या आवाजात. घरात कुणी नसताना एका दुपारी दार लावून मायक्रोफोनपुढे बसलो आणि वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत त्यातली स्वच्छ तेवढी ठेवली. ‘शाब्बास!’ ‘पुन्हा एकदा बघ.’ ‘चला, आता डोळ्यांना विश्रांती.’ आणखी एक वाक्य हवं होतं. लाइट गेली की बटण फार घाबरायची आणि कॉम्प्युटर एका जुन्या बॅटरीवर थोडा वेळ चालायचा. तेवढ्यात तिला कुणीतरी म्हणायला हवं होतं, ‘घाबरू नकोस, मी आहे ना.’ ते मात्र जमलं नाही. प्रत्येक वेळी त्या शब्दापाशी ओठ मिटले. घाम फुटेपर्यंत प्रयत्न केला, मग सगळे अडखळलेले तुकडे पुसून टाकले, कचऱ्याच्या डब्यातूनही काढले, आणि रिकाम्या घरातसुद्धा कुणी ऐकलं नाही ना म्हणून उगाच मागे वळून पाहिलं.

खेळ बटणला फार आवडला. "बाबा, तू आत किती छान बोलतोस!" ती म्हणाली. त्या ‘आत’नं मला कुठंतरी टोचलं, पण तिच्यासोबत हसलो.

एकदा संध्याकाळी दुकानातून येताना जिन्यातच लाइट गेली. किल्लीनं दार उघडलं. बटणच्या रडण्याची तयारी ठेवूनच आत आलो होतो, पण तिच्या खोलीतून खुदखुद हसणं ऐकू येत होतं. बायको स्वयंपाकघरातून टॉर्च घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली.

"तू परत बाहेर केव्हा गेलास?"

"आत्ताच येतोय."

"पुरे हं चेष्टा. आत्ता तिच्याशी बोलत होतास की! ‘घाबरू नकोस, मी आहे ना.’" तिचा आवाज जरा ओला झाला. "अडखळलास, पण म्हणालास. किती बरं वाटलं मला, माहितीये?"

लग्नानंतर इतक्या कौतुकानं तिनं माझ्याकडे क्वचितच पाहिलं होतं. ते कौतुक आपलं नव्हे, हे त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. मान खाली घालून चपला काढत बसलो.

रविवारी कॉम्प्युटर उघडून सगळं तपासलं. आवाजाच्या तीनच फाइली होत्या, ठेवल्या होत्या त्याच. बटण शेजारी उभी राहून बघत होती.

"आत शोधू नकोस," ती म्हणाली. "तू आलास की तो गप्प बसतो. लाजतो."

त्यानंतर दाराबाहेर थांबायची मला सवय लागली. खेळाच्या मधूनच तो आवाज सुरू व्हायचा, हलका, घाई नसलेला. तो तिला गोष्टी सांगायचा. म... मी लहान होतो तेव्हा वर्गात मला वाचायला उभं करायचे. मग मागची मुलं गाय व्हायची. बटण विचारायची, "मग तू रडलास?" आणि तो म्हणायचा, हो, म... म... मी रडलो. हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक ‘मी’पाशी तो अडायचा, थांबायचा, आणि न लाजता पुढे जायचा. बटण त्या शब्दाची वाट बघत शांत बसायची, एखादा जड दरवाजा कुणी उघडत असताना आपण बाजूला थांबतो तशी. स्वतःच्याच घरात, भिंतीला कान लावून, एका खोक्याचा हेवा करत उभा असायचो.

शेवटी स्पीकर काढले, पिशवीत घातले आणि चोरी केल्यासारखे दुकानात नेऊन ठेवले. बटण चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात दुकानात एक आजी लॅपटॉप घेऊन आल्या. कुठलीशी कळ दाबून त्यांच्या पडद्यावरचं सगळं उलटं झालं होतं आणि त्या मान वाकडी करकरून वाचत होत्या. ते सरळ करून दिलं आणि ‘झालं, आजी’ म्हणायला तोंड उघडलं, तर निघालं, "शाब्बास!"

"अगं बाई," आजी हसू लागल्या, "शाब्बास कशाबद्दल? मान मोडून घेतली म्हणून?"

त्यांच्याबरोबर हसायचा प्रयत्न केला. आवाज माझाच होता, पण फार स्वच्छ होता.

मग बटणच्या शाळेत पालकांना बोलावलं. मुलांसमोर उभं राहून प्रत्येकानं आपण कोणाचे कोण आणि काय काम करतो ते सांगायचं होतं. माझं वाक्य तयार होतं, ‘कॉम्प्युटर दुरुस्त करतो’, नेहमीसारखं गाळलेलं. पण आमची पाळी आली तशी बटणनं माझी बाही ओढली.

"घरी म्हणतोस तसं म्हण ना, बाबा. ‘मी’ म्हण. तू अडकलास तर थांबायचं, असं सांगितलंय सगळ्यांना."

आणि खरंच, सगळी मुलं थांबली होती. एवढ्याशा बाकांवर बसून, न हसता, माझ्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा वर्ग माझ्यासाठी थांबला होता. तिच्यासाठी तरी तो शब्द म्हणायचाच असं ठरवलं. श्वास घेतला, ओठ मिटले, उघडले.

"शाब्बास!" खणखणीत आवाज वर्गभर घुमला. "पुन्हा एकदा बघ."

मुलं हसायला लागली. बाईंना वाटलं, गंमत केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "बाबा फार विनोदी आहेत हं तुझे!" बटण हसली नाही. तिनं माझी बाही सोडली आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. घरी येताना ती दोन पावलं पुढे चालत होती. हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. तिला काही समजावायचा विचारही केला नाही, कारण तोंड उघडलं तर काय निघेल याची आता मलाच भीती वाटत होती.

घरी आल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. त्या दाराला किल्ली नाही.

हुंदके ऐकू येत होते. दारावर टकटक केली. हुंदके थांबले.

"कोण?"

ओठ मिटले. निदान अडखळणं तरी येईल म्हणून वाट पाहिली, म... म... एवढं तरी, पण तो शब्द जिथं नेहमी अडकून बसायचा तिथं आता काहीच नव्हतं. स्वच्छ पुसलेलं होतं.

आणि आतून, तिच्या अगदी जवळून, उत्तर आलं.

"म... म... मी."

"ते माहितीये रे, बाबा," बटण हळूच म्हणाली. "दारावर कोण आहे?"