एकास चारचं घमेलं

मी एक जुनं घमेलं आहे. बुडाला भोक, कडेला पोचा, अंगावर वाळलेल्या सिमेंटचे थर. म्हणून मला कोणी भंगार म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही, मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो.

पत्र्याच्या कारखान्यात एका दणक्यात माझा जन्म झाला. तेव्हापासून अकरा वर्षं मी एकाच बाईच्या डोक्यावर बसून जिने चढलो. आम्ही किती घरं उभी केली, ते त्यांत राहणाऱ्यांना ठाऊक नाही. नसू दे.

या बाईची मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसली आणि तीन गुणांनी हुकली. शेकडेवारी आणि गुणोत्तर आलं की तिचं गाडं अडायचं. आता दुसरी खेप, तीही शेवटची. क्लासच्या सरांनी हात टेकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "घमेली उचलणाऱ्यांच्या डोक्यात टक्केवारी शिरायची नाही." जेवणाच्या सुट्टीत तिने बांधकामावर येऊन हे आईला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच पडलो होतो. असा संताप आला की सोय नाही.

"गणित तरी काय होतं?" आईने विचारलं.

"सिमेंट आणि वाळू एकास चार. मिश्रणात सिमेंट किती टक्के? मी पंचवीस लिहिलं. चुकलं."

आईने मला उचललं. एक घमेलं सिमेंट ओतलं, मग चार घमेली वाळू.

"ढीग किती घमेल्यांचा झाला?"

"पाच."

"मग सिमेंट पाचातलं एक. तू चारातलं धरतेस. अगं बाई, सिमेंट काय ढिगाबाहेर बसून राहतं?"

मुलगी ढिगाकडे बघत राहिली. "वीस टक्के," ती हळूच म्हणाली.

मग रोज सुट्टीत तेच. एकास तीन, एकास सहा, दोनास तीन. मुकादम कुरकुरला, तर आई म्हणाली, "कोरडंच कालवतेय. दुपारी यातच पाणी घालून भिंत बांधा."

परीक्षेत सिमेंट नव्हतं. एक भाग औषध, नऊ भाग पाणी होतं. मुलीने मनातल्या मनात दहा घमेली ओतली आणि दहा टक्के लिहिलं.

निवड यादीत तिचं नाव लागलं. सरांनी विचारलं, "कोणतं पुस्तक वापरलंस?"

"पुस्तक नाही सर. आईच्या डोक्यावर होतं ते."

परवा मुकादम मला भंगारात टाकायला निघाला होता. मुलीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. मित्रांनो, भोक पडलं तर बुजवता येतं, एवढं लक्षात ठेवा. आणि कोणाच्या डोक्यावर घमेलं दिसलं, तर त्या डोक्यात काय आहे ते आधी विचारा.