खटखट थांबली की

त्या घरात काम म्हणजे आवाज. बाबांची सगळी नोकरी कोर्टाच्या टायपिंग विभागात गेली. बोटं चालतायत तोवर माणूस कामात, बोटं थांबली की माणूस मोकळा, एवढं त्यांचं साधं गणित. ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, जसंच्या तसं उचललेलं. भाचीच्या खोलीतली खटखट थांबायचा अवकाश, आत्या दारात हजर.

"ठमे, रिकामीच आहेस ना? एवढी सुई ओवून दे."

"आत्या, काम करतेय मी."

"कसलं काम? मघापासून पडद्याकडे टक लावून बसलीयेस. स्थळ आल्यासारखी!"

ठमी प्रोग्रॅमर होती, आणि तिचं खरं काम बोटांत नव्हतंच. कोळी जाळं विणतो तसं ते डोक्यात विणावं लागे. एक धागा इथून काढायचा, तिथे नेऊन टेकवायचा, त्याच्या आधारानं दुसरा. अर्धं जाळं हवेत तरंगायला लागलं की दारातून हाक यायची आणि सगळं फाटून हातात. पुन्हा पहिला धागा, पुन्हा तीच हाक.

आज तर जीव टांगणीला लागला होता. हॉस्पिटलातल्या नर्सना औषधांच्या वेळांची आठवण करून देणारा प्रोग्रॅम तिच्याकडे होता, आणि काही पेशंटांच्या औषधाची घंटा कालपासून दोनदा वाजत होती. नर्स सावध, म्हणून निभावलं. "चारपर्यंत दुरुस्त कर," साहेबांनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं, "नाहीतर सोमवारपासून ऑफिसात येऊन बस. घरून तुझं काम होत नाही, दिसतंय मला."

त्यांना दिसत होता तो ऑफिसच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लागणारा दिवा. बोटं हलली की हिरवा, थांबली की पिवळा. घरी आत्या, तिकडे साहेब. दोघांची मोजपट्टी एकाच दुकानातली!

ऑफिस परगावी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एक हात वॉकरवर, दुसरा ठमीच्या खांद्यावर, असे ते न्हाणीघरापर्यंत जायचे. आत्या तर त्यांच्याहून थकलेली. सोमवारी ठमी गेली, तर तो दुसरा हात त्यांनी ठेवायचा कुठे? सकाळचा फोन बाबांनीही ऐकला होता, आणि दिव्याची भानगडही ठमीकडून विचारून घेतली होती. मग ते नुसतं गुडघ्यावरून हात फिरवत राहिले होते.

जेवणं झाली, ठमी पुन्हा पडद्यापुढे बसली. धागा जरा लागतोय असं वाटतं तोच आत्या आली. "नळ दुरुस्त करणारा आलाय. मला त्याचं काही कळत नाही, तूच बोल बाई."

ठमी दात-ओठ खात उठली. नळ पाहिला, घासाघीस केली, परत आली आणि दारातच थबकली.

तिच्या खुर्चीत बाबा. पाठ ताठ, नजर भिंतीवर, दहाही बोटं पावसाच्या सरीसारखी की-बोर्डवर. ओळ संपली की करंगळी एंटरवर ठॅप्पकन.

"दिवा पिवळा झाला होता गं," ते मागे न बघता म्हणाले. "हिरवा करून ठेवला."

पडद्यावर ऑफिसच्या गप्पांची खिडकी उघडी होती. बाबांची बोटं जुन्या मराठी टाइपरायटरच्या अक्षरांना सरावलेली, त्यामुळे शब्द सगळे अगम्य. आणि एंटर मारला की ओळ थेट सगळ्यांना पोचत होती. ओळीगणिक एक निरोप! खाली कुणीतरी विचारलं होतं, "की-बोर्डवर मांजर नाचतंय का?"

साहेबांचा फोन आलाच. "काय पोरखेळ चाललाय घरात? चार म्हणजे चार!"

ठमीनं फोन आपटला. "बाबा! काम म्हणजे खटखट नाही हो! कितीदा सांगू?"

"मग काय असतं?"

"गप्प बसून विचार करायचा. एक धागा सुटला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

बाबांनी बोटं की-बोर्डवरून उचलली. "गप्प बसायचे पगार देतात?"

"हो! गप्प बसू दिलं तर देतात!"

बाबा उठले. वॉकर टेकत टेकत, भिंतीला धरत एकटेच बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. ठमीला रडायलासुद्धा वेळ नव्हता.

बाहेरून बोलणं आलं. "अक्का, कपाटातलं माझं मशीन काढ."

"आता कुणाला अर्ज करतोस?"

"काढ तर आधी. आणि दारापाशी खुर्ची टाकून बस. पोर कामात आहे, खटखट मी करतो. कुणी आत जायचं नाही. तूसुद्धा."

मग सुरू झाली ती जुनी, लोखंडी खटखट. लहानपणी ठमी याच आवाजात झोपायची. बाबा संध्याकाळी जादा कामाचे कागद घरी आणत, आणि ओळ संपल्याची किणकिण होईतो तिचा डोळा लागलेला असे. आज त्याच आवाजात ती जागी बसली. एक धागा निघाला. टेकला. दुसरा निघाला. कुणी हाक मारली नाही.

घंटा दोनदा वाजते, पण सगळ्यांची नाही. मग कुणाची? वॉर्ड बदललेल्यांची! पेशंट नव्या खाटेवर गेला, पण प्रोग्रॅमच्या लेखी तो जुन्या खाटेवरही निजलेलाच होता. एकाच माणसाला दोन खाटा, म्हणून दोन घंटा.

बदल जेमतेम दोन ओळींचा. तिनं तो केला, तपासला, पाठवला आणि साहेबांना फोन लावला.

"चालतंय," साहेब नाखुशीनं म्हणाले. "पण मघापासून तुझा दिवा पिवळा होता."

"हो. तेव्हाच सापडलं."

"बरं, राहा घरूनच. पण त्या दिव्याकडे जरा लक्ष दे."

ठमीनं कपाळावर हात मारला आणि दार उघडलं. दारातच आत्या, मांडीवर न ओवलेली सुई. पलीकडे बाबा, मशीनला कागदसुद्धा न लावता, घामाघूम होऊन टाइप करत होते.

"बाबा, थांबा आता. झालं."

"घड्याळात चार कुठे वाजलेत अजून?" म्हणत त्यांनी पुढची ओळ सुरू केली.

ठमी आत्याच्या पायाशी बसली.

"दे इकडे ती सुई."