खिशातला ऐवज

पोपटचा फोन आला तेव्हाच वहिनींना वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

"वहिनी, आपल्या स्क्वाड्रनचा युद्धातला इतिहास लिहितोय मी. पुस्तक निघणार, शिवाय तळावर एक दालन होणार. घाईच्या काही वस्तू असतील तर बघायला येऊ का?"

घाई म्हणजे वहिनींचा नवरा. लढाऊ विमानांच्या त्या स्क्वाड्रनमध्ये आईबापांनी ठेवलेलं नाव वापरायची पद्धतच नव्हती. जेवायला, भांडायला, विमानाकडे धावायला हा सगळ्यांच्या पुढे, म्हणून घाई. हा फोनवरचा पोपट, कारण त्याचं तोंड झोपेतही मिटत नसे. आणि घाईची बायको ती सगळ्यांचीच वहिनी. ते नाव इतकं चिकटलं की पुढं दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणू लागले, आणि जावईसुद्धा एकदा चुकून म्हणून गेला होता.

"या की," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी याला वस्तूच का बघायच्या आहेत? माणूस गेला तेव्हा कुठं होता हा?

त्यांच्या संशयाला कारण होतं. युद्धाच्या त्या सकाळी घाईचं विमान गेलं ते परत आलंच नाही. मग काही दिवसांनी एक जवान खाकी कापडाची छोटी पिशवी देऊन गेला. 'साहेबांच्या टोपीत ठेवलेलं होतं,' म्हणाला. लढाईवर निघताना पायलट खिसे रिकामे करून जातात. शत्रूच्या हाती लागलाच तर अंगावर काही सापडू नये, हा त्यातला हेतू. म्हणजे पिशवीत होतं ते शेवटच्या क्षणापर्यंत नवऱ्याच्या खिशात होतं. वहिनींनी ती छातीशी धरूनच उघडली. आत एक किल्ली होती, आणि एक लेडीज घड्याळ.

किल्ली त्यांच्या घरातल्या कुठल्याच कुलपाची नव्हती. घड्याळही त्यांचं नव्हतं. लहानशी तबकडी, पट्टा वापरून वापरून मऊ पडलेला. कुणाच्या तरी मनगटावरून उतरून ते थेट नवऱ्याच्या खिशात गेलं होतं. घरात काही महिन्यांची लेक रांगत होती, तिची किंवा माझी आठवण म्हणून एक चिंधीसुद्धा नाही! त्या दिवशी वहिनींचं रडणं थांबलं ते थांबलंच. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बाई पेटलेली होती.

तळावरचं घर सोडायच्या आधी त्यांनी एक काम उरकलं. निरोप घ्यायच्या निमित्तानं त्या एकेका घरी जात, चहा घेत, आणि निघताना 'राहू द्या हो, मीच दार ओढून घेते' म्हणत कुलपात ती किल्ली हळूच फिरवून बघत. वैमानिकांची घरं झाली, डॉक्टरची झाली, शाळेतल्या बाईंची झाली. एका नर्सच्या दारात तर किल्ली निम्मी आत गेली, आणि वहिनींच्या अंगाला दरदरून घाम फुटला. पण ती फिरली नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या बायकांच्या चेहऱ्याआधी मनगटं बघायच्या. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते काही भाडं देऊन राहत नाही, आणि उठतही नाही.

कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. शहीद नवऱ्याची लफडी चव्हाट्यावर मांडायची, आणि पोरीनं उद्या कुठल्या तोंडानं वावरायचं? म्हणून त्यांनी लेकीला ताकास तूर लागू दिली नाही. खोटं कौतुकही त्यांच्यानं होईना. लेक लहानपणी विचारायची, "बाबा कसे होते?" वहिनी म्हणायच्या, "उंच होते." बस्स. मोठी होत होत पोरीनं विचारणं सोडलं. बाबांना आपण नकोच होतो, असा तिनं आपला हिशेब लावून टाकला, आणि वहिनींना तो कळत होता. नवरा आपला होता की नाही, एवढं एकदा समजलं असतं तर त्यांनी लेकीला एकतर बाप दिला असता, नाहीतर खरं कारण. दोन्ही जमलं नाही.

पोपट आला तो काठी टेकत आला. केस गेलेले, बडबड शाबूत. लेक त्या दिवशी रक्ततपासणीच्या लॅबमधल्या कामावरून लवकर आली होती. बाबांचे मित्र येणार म्हणून, हे ती बोलली नाही, पण साडी बदलून बसली होती. वहिनींच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"त्या सकाळी शत्रूची बॉम्बर विमानं पुलाच्या रोखानं येत होती," पोपट सांगू लागला. "पूल गेला असता तर आपली सगळी रसद तुटली असती. आपल्या विमानांच्या दोन जोड्या उडाल्या. एका जोडीचं इंधन संपत आलं, ती परतली. घाई आणि मास्तर मागं हटले नाहीत. पूल वाचला."

मास्तर म्हणजे घाईचा जोडीदार, त्याच्या पंखाला पंख लावून उडणारा. हवाई दलात यायच्या आधी शाळेत शिकवायचा, लग्न झालं नव्हतं, घरी फक्त आई. वहिनींना तो आठवत होता. चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवणारा मुलगा.

"आणि तुम्ही कुठं होतात?" वहिनींनी विचारलं.

"पाय मोडून इस्पितळात. म्हणून तर आज इथं आहे."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. त्याचा कुठलाही अर्थ निघू शकत होता.

"आता वस्तूंचं बघू, वहिनी. टोपी, फोटो... टोपीतलं काही आलं होतं का घरी?"

हे तो फारच सहज विचारतोय, असं वहिनींना वाटलं. याला माहीत आहे. सगळे एका माळेचे मणी. मेलेल्या मित्राचं लफडं झाकायला म्हातारपणी काठी टेकत आलाय, पुरावा घेऊन जाईल आणि कपाटात बंद करेल. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. त्या तरातरा आत गेल्या, पिशवी आणली आणि टेबलावर उपडी केली.

"घ्या! ठेवा तुमच्या दालनात. खाली लिहा, वीराच्या खिशातला ऐवज. ही त्याच्या बाईच्या घराची किल्ली, हे तिचं घड्याळ. नाव तेवढं तुम्ही सांगा, तुम्हाला ठाऊक असेलच."

लेक उठून उभी राहिली. "आई, काय बोलतेस तू?"

पोपटनं घड्याळ उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"हे मास्तरच्या आईचं घड्याळ आहे, वहिनी. बंद पडलं होतं. तिनं दुरुस्त करून आणायला त्याच्याकडं दिलं होतं, आणि मास्तर ते रोज खिशात घेऊन हिंडायचा. बाजारात जायला सुट्टीच मिळेना. आम्ही त्याला चिडवायचो, मास्तर, किती वाजले? आणि किल्ली त्याच्या आईच्या घराची असणार."

"मास्तरचं यांच्या टोपीत कशाला येईल?"

"तिथंच येणार! घाईनं तुम्हाला कधी सांगितलं नाही?" पोपट आता भराभर बोलत होता. "आमच्या स्क्वाड्रनची रीत होती ती. आपले खिसे आपल्या टोपीत नाही रिकामे करायचे, जोडीदाराच्या टोपीत करायचे. जो परत येईल तो डोक्यावर टोपी घालायला जाणारच, मग दुसऱ्याची वस्तू त्याच्या हातात येणार, आणि ती त्यानं स्वतः घरी पोचवायची. एकजण तरी परत येईल असं धरलं होतं आम्ही. दोघंही नाही आले. सामान आवरणारा जवान नवीन असणार, त्यानं टोपीत नाव बघितलं आणि आतलं त्या नावाच्या घरी धाडलं. घाईच्या टोपीतलं तुमच्याकडं. आणि मास्तरच्या टोपीतलं..."

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, लहान बाळाचा एक मोजा होता का हो? तांबडा, पांढऱ्या काठाचा?"

वहिनी खुर्चीत बसल्या. लेकीसाठी त्यांनीच विणला होता. जोडीतला एक हरवला म्हणून नवऱ्याला बोलणीही खावी लागली होती: घरात साधा मोजा सांभाळता येत नाही, विमान काय सांभाळता? तो नुसता हसला होता.

"मागच्या महिन्यात गेलो होतो मास्तरच्या आईकडे," पोपट म्हणाला. "नव्वदीची आहे. उशाखालून मोजा काढून मला दाखवला, म्हणाली, माझी नात येईल एक दिवस. मला वाटलं, वयामुळं बोलतेय."

 लेकीनं आईकडं एकदा बघितलं, आणि ते बघणं वहिनींना कानफटात बसल्यासारखं लागलं.

पण इतक्या वर्षांचा संशय असा एका कप चहात विरघळत नसतो. पोपट गेल्यावर वहिनींना पुन्हा वाटलं, बोलण्यात पटाईत माणूस, रचून सांगितलं असेल. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायचं. "मी स्वतः जाऊन बघणार," त्या म्हणाल्या. "मोजा माझा असेल तर तो मला हवाय. तेवढाच तर आहे यांचा." लेक म्हणाली, "मीही येते." दुसऱ्या दिवशी पोपटनं गाडी काढली.

मास्तरच्या आईचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दार उघडंच होतं. खाटेवर इवलीशी म्हातारी उशांना टेकून बसलेली. पोपटला तिनं ओळखलं, मग तिची नजर लेकीवर गेली आणि तिथंच राहिली.

"आलीस?" ती म्हणाली. "ये गं बाळ. किती उशीर केलास."

लेक गोंधळून दारातच थबकली. म्हातारीनं उशीखाली हात घातला आणि मोजा काढला. वहिनींनी जवळजवळ हिसकावूनच घेतला तो. टाचेपाशी एक टाका सुटलेला होता. विणताना पोर रडायला लागली तेव्हा सुटलेला, आणि मग दुरुस्त करायचा कंटाळा केलेला. त्यांचाच मोजा होता. त्यांच्या नवऱ्यानं तो ढापला होता आणि लढाईला जाताना खिशात बाळगला होता.  आता फक्त म्हातारीला समजावून सांगायचं, घड्याळ द्यायचं आणि मोजा घेऊन निघायचं.

"तू हिची आई?" म्हातारीनं विचारलं. "म्हणजे माझी सून. मी शोधायला आले नाही, राग मानू नकोस. म्हटलं, कुणा पोरीची गोष्ट आहे, आपण बोभाटा केला तर तिचीच बदनामी व्हायची. तिला वाटेल तेव्हा ती येईल." मग ती पुढं झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग. लग्न केलं होतं ना गं त्यानं तुझ्याशी? की तसंच ठेवलं?"

पोपटनं तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्याकडं असं बघितलं की ते त्यानं मिटून घेतलं.

ज्या बाईला त्या जन्मभर शोधत होत्या, शिव्या घालत होत्या, तिची जागा म्हातारीनं त्यांनाच देऊ केली होती. एका बाजूला एवढासा मोजा, एका बाजूला हा जीव. जिनं संशय घ्यायचा तिनं माया केली होती, आणि जिनं माया करायची तिनं संशय घेतला होता. वहिनींना स्वतःची लाज वाटली.

"केलं होतं हो," त्या खाटेवर बसत म्हणाल्या. "रीतसर केलं होतं. सुट्टी मिळाली की तुम्हाला सांगणार होते."

म्हातारीनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "नीट वागायचा ना तुझ्याशी?"

"फार नीट." मोजा वहिनींनी तिच्या हातात परत ठेवला. "तापट होते थोडे, पण माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. घरी आले की बूटसुद्धा काढायचे नाहीत, आधी पाळण्याकडं. स्वतः उताणं पडून लेकीला पोटावर निजवायचे आणि इंजिनाचा आवाज काढायचे. ती खिदळायची. मी ओरडायचे, झोपेची वेळ आहे. एकदा तिला ताप आला तर सबंध वेळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, मला हात लावू दिला नाही. म्हणायचे, ही माझ्यावर गेलीय, हिलाही कशाचा दमधीर नाही..."

बोलता बोलता वहिनी रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. म्हातारी मान डोलावत ऐकत होती. तिला वाटत होतं, आपल्याच मुलाचं चाललंय.

लेक दारातून आत आली. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली, आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अजून सांग."