हिरवी साय आणि चिचुंद्री

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. नागपुरातल्या एका विणकर वस्तीमागचं तळं, आश्विनातली सकाळ, आणि पाण्यावर धरलेली हिरवी साय. ही साय म्हणजे निळंहिरवं शेवाळ, डोळ्यांना एकेकटे न दिसणाऱ्या जिवांची दाटी.

१९७१ साली दहा वर्षांच्या लतिकाला ह्या सायीचा राग आला होता. थोरल्या बहिणीच्या, रुख्मिणीताईच्या, हळदीचं पातळ घरच्या मागावर विणायचं होतं. सूत पहाटे तळ्यावर धुवायची घरची चाल; त्या चालीनं तिच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, धुतलेल्या लडी हिरव्या ठिपक्यांनी भरून आल्या. आता शेवटच्या चार उरल्या होत्या.

"आबाजी, दुपारी साय बुडून जाते. काहून?" लतिकानं आजोबांना विचारलं.

"चिचुंद्री दिवसा कुठी जाते वं?"

"मागाच्या खड्ड्यात."

"तशीच हेही. आपल्या वेळेले निजते."

लतिकाला हे पटेना. तिनं सकाळीच तळ्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. एक उन्हात ठेवली. दुसरी एका टोपलीखाली आणि मागाच्या खड्ड्यातून धरलेली चिचुंद्री दुसऱ्या टोपलीखाली, खायला चार झुरळांसकट. दोन्हींवर जाड घोंगडी. दुपारी उन्हातली साय तळाशी बसली. दिवेलागणीला घोंगडीखाली खुडबुड सुरू झाली. चिचुंद्रीला अंधारातही सांज कळली होती! झाकलेल्या बाटलीतली साय मात्र अजून वरच तरंगत होती.

"आबाजी, चिचुंद्रीची वेळ तिच्या पोटात हाय. सायीले ऊनच लागते!" असं म्हणत तिनं चिचुंद्रीला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई चाल मोडून भर दुपारी लडी घेऊन निघाल्या. आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं.

"माय, थांब! आज साय बुडली नसंल."

"काल तूच म्हणत होतीस ना, दुपारी जा म्हणून? परवा पाजणी हाय, सुताले पेज पाजाची; लडी वाळतीन कवा?"

"तुही चिचुंद्री तं आभाळ पाहत नाही," आबाजी हसले.

"चिचुंद्री नाही पाहत. साय पाहते."

मनकर्णाबाई उंबऱ्यात घुटमळल्या. चार लडी, पोरीचा शब्द आणि वर काळं आभाळ.

लतिका तळ्याकडे पळाली. एका वेणीची पांढरी रिबीन सोडून तिनं पाण्यात बुचकळली आणि तशीच निथळत घरी आणली. रिबीन हिरवीगार झाली होती. मनकर्णाबाईंनी लडी खुंटीला अडकवल्या.

लतिकानं दुसऱ्या वेणीची रिबीन सोडून मुठीत धरली आणि उन्हाची वाट पाहत ओट्यावर जाऊन बसली.