धुरातली वाट

मी एक जुने कोळशाचे चित्र आहे, मित्रांनो. माळ, लिंबाचे झाड, धूर आणि धुरातून एका दाराशी गेलेली वाट, एवढाच माझा पसारा. रंग नाहीत म्हणून मुले मला पाहून पुढे सरकतात. सरकू द्या. मला कोणी मन रमवायला काढलेले नाही.

माझा कोळसा बाजारातला नव्हे. गंगापूरकडच्या एका गावात रझाकारांनी शेतकऱ्यांच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या, माणसे मारली होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर जमावाने त्याचा सूड भलत्याच माणसांवर उगवला. त्याच गावच्या शहजादीच्या नवऱ्याला दारातच कुऱ्हाडीने तोडले आणि घर पेटवून दिले. शेजारच्या बद्रीनाथने तिला बाजरीतल्या पायवाटेने ओढत नेऊन आपल्या गोठ्यात लपवले, म्हणून ती वाचली.

तिचा भाऊ नूरमोहम्मद औरंगाबादेत चित्रकलेचा मास्तर होता. बहिणीला घेऊन येताना त्याने जळक्या दाराच्या चौकटीचे तुकडे फडक्यात बांधून आणले आणि त्याच कोळशाने मला काढले. काढले कसले, झोडपले. तो कोळसा इतक्या जोराने घाशी की माझा कागद दोन ठिकाणी फाटला. घर काढायला मात्र त्याचा हात धजेना. घराच्या जागी त्याने नुसता धूर भरला, काळ्यावर काळे. मी भिंतीवर टांगलेले असे आणि शहजादी माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत असे. गावाचे नाव काढले की ती उठून आत जाई.

उन्हाळ्यात बद्रीनाथ आला. पेरणीआधी परत चल, नाहीतर लोक तुझे शेत बळकावतील, असे तो परोपरीने सांगू लागला. शहजादी भाकरी थापतच राहिली. मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले.

"मास्तर, समदं काढलं, पन वाट नाय काढली," तो म्हणाला. त्याने अंगठा ओला केला आणि माझ्या अंगावरून दाबून ओढला. मला तो ओरखडा अजून आठवतो. पण कोळशाचे असेच असते, पुसले की उजेड निघतो. धुराच्या पोटातून पांढरी वाट उमटली.

"ह्याच वाटेनं तुला आनलं, शहजादी. ह्याच वाटेनं चल."

शहजादी उठली. "आन आग कोन्या वाटेनं आली व्हती, बद्रीभाऊ?"

बद्रीनाथने आपला काळा अंगठा धोतराला पुसला. "ह्याच," तो म्हणाला. "माझा सांडूबी व्हता त्यांच्यात."

सांडू म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. शहजादीने मला भिंतीवरून ओरबाडले. माझी एक कड फाटली. आता आपले तुकडे होणार, असे मला वाटले. पण तिने कोळसा उचलला आणि वाटेच्या टोकाला एक दार काढले. ते काढताना कोळसा तिच्या मुठीत मोडला.

"माझा मानूस काय तो आनून देनार नाय," ती म्हणाली. "माझ्या जळल्या घराला नवं दार बसव म्हनावं. त्याच्या हातानं."

मृगाच्या तोंडावर सांडू स्वतः आला. अंगावर लाकडाचा भुसा, नजर खाली. दार बसवले, एवढेच तो उंबऱ्याबाहेरून बोलला. शहजादीने त्याला पाणीही विचारले नाही. तिने बोचके उचलले.

"तू पुढं चाल," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागं नको."

मित्रांनो, आता मी मास्तरांच्या नातीकडे, नजमाकडे असते. ती मला काचेत बसवणार आहे, याचा मला आनंद आहे. पण चौकट करणारा म्हणतो की मधला अंगठ्याचा डाग वाईट दिसतो, तो काळा करून बुजवून देतो. जुन्या चित्रांना जपा. त्यांना ओल लागू देऊ नका, वाळवी लागू देऊ नका. माझी फाटकी कडही हवी तर चिकटवा. पण ही वाट तेवढी बुजवू देऊ नका. ती बुजली, तर शहजादी परत धुरातच राहील.