खऱ्या कमाईचं कार्ड

“अंगठे चालत नाहीत म्हणाल्या बाई. सह्या पाहिजेत,” दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत विशाखाने सांगितलं आणि पिवळं कार्ड आईपुढे धरलं.

दुर्गाबाईला वाचता येत नव्हतं, पण कार्डावरचे सात निळे अंगठे तिला ओळखू येत होते. सगळ्यात वरचा शेजारच्या बयाबाईचा. खाणीत खडी फोडून फोडून तिच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. शाई लावली की नुसता डाग उठायचा. त्या सातही अंगठ्यांवर आता लाल पेन्सिलीची तिरकी रेघ होती.

“आन पैसे?” दुर्गाबाईने विचारलं.

“पैसे ठेवून घेतले.”

“कामून? अंगठा चालत न्हाई, मंग अंगठ्याचे पैसे कसे चालतेत?”

“ते देणगीत धरले. आता नवीन कार्ड भरायचं. कार्डाचे चार आणे दे.”

दारात हातापायांवरची दगडाची भुकटी धूत बसलेला गंगाराम हसला. “घ्या. पुन्ना पैल्यापासून.”

“तुमी हसू नका,” दुर्गाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने इतक्या जोरात उलटली की ती दुमडली.

बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेली ही माणसं. तुर्भ्याच्या खाणीजवळ झोपडं बांधलं, त्याला दहा वर्षं झाली होती. गंगाराम क्रशरवर होता, दुर्गाबाई वाशीला तीन घरची भांडी-कपडे करायची. विशाखा सातवीत. जूनमध्ये शाळेत गाईडची तुकडी निघाली तेव्हा गाईडच्या बाई म्हणाल्या होत्या, वर्षाला एक रुपया फक्त. रुपया दिला. मग निळं कापड आलं, तेही ठरलेल्या दुकानातलंच. मग शिलाई, पितळी बक्कलचा पट्टा, स्कार्फ आणि तो अडकवायची चामड्याची कडी. टोपी. पांढऱ्या दोरीची शिट्टी. शेवटी पांढरे बूट. एकेक वस्तू पंधरा दिवसांच्या अंतराने यायची, आणि दर वेळी विशाखा तेच सांगायची, “त्याच्याशिवाय रांगेत उभं राहू देत नाहीत.” दुर्गाबाई मनातल्या मनात बेरीज ठेवून होती. एक्क्याऐंशी रुपये झाले होते. पहिल्याच दिवशी कुणी एक्क्याऐंशी म्हटलं असतं, तर तिने सरळ नाही म्हटलं असतं. आता नाही म्हणायचं तर एक्क्याऐंशी पाण्यात.

आणि आता ही खरी कमाई. मुलींनी आठवडाभर लोकांच्या घरी जाऊन काम करायचं, मिळेल ते संस्थेला द्यायचं आणि कार्डावर त्या घरातल्या माणसाची सही आणायची. पंचवीस रुपयांचं कार्ड भरेल तीच मुलगी रविवारी शिबिराला जाणार आणि तिथे गाईडचं वचन घेणार. विशाखाने वस्तीत सात घरचं पाणी भरलं होतं. सात घरांनी आठ-आठ आणे दिले होते. हे साडेतीन रुपये त्यांनी का दिले, हे दुर्गाबाईला पक्कं माहीत होतं. त्यांच्या घरचं पाणी त्या बाया स्वतः भरत होत्याच. पोरीच्या अंगावरचा निळा फ्रॉक बघून दिले होते.

“असं कर,” ती म्हणाली. “पंचवीस मी घालते कुठून तरी. सही वान्याची घे.”

“घरच्यांनी पैसे द्यायचे नाहीत, आई. तसा नियम आहे. गाईड खोटं करत नाही.”

“आतापरेंतचे कुनी दिले मंग? तुझ्या बाईनं?”

गंगारामने खिशातून चार आणे काढून विशाखाच्या दप्तरावर ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटली की परस्पर वाशीच्या बिल्डिंगांमध्ये जाऊ लागली. सहा वाजून गेल्यावर घरी यायची. पहिल्या दिवशी चौदा दारं वाजवली, त्यातली तीन उघडी राहिली. बाकीच्यांनी “आमच्याकडे बाई आहे” म्हणून लावून घेतली. एकांनी फ्रॉक बघून आत बोलावलं, कुठे राहतेस विचारलं, आणि तुर्भ्याची खाण म्हटल्यावर संडास घासायला दिला. त्याचे दीड रुपये. हे सांगताना विशाखा रडली नाही. रकाना भरला, सही झाली, एवढंच तिने सांगितलं. दुर्गाबाईने त्या माणसाचा मजला आणि दार विचारून घेतलं. विचारून काय करणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी विशाखा साडेसातला आली. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. “दोन रुपये मिळाले,” ती म्हणाली. “कुठं ते उद्या कळेल तुला.” आणि पोट धरून हसली.

कळलं ते सकाळी साडेआठला, मालतीबाईंच्या घरी. मालतीबाई म्हणजे दुर्गाबाईचं दुसरं घर, तिसरा मजला, महिना पस्तीस रुपये. मोरीत रोज भांड्यांचा ढीग असायचा, तिथे आज कोरडी फरशी. दांडीवर पडदेसुद्धा वाळत होते.

“अगं, काल विशाखा आली होती,” मालतीबाई कौतुकाने म्हणाल्या. “युनिफॉर्ममध्ये मी ओळखलंच नाही. पाहुण्यांची सगळी भांडी घासली, कपडे धुतले. म्हटलं, आलीच आहेस तर पडदेही काढ. अडीच तास खपत होती बिचारी. म्हणाली, आईचं काम हलकं होईल.”

दुर्गाबाईने पदराने उगाच तोंड पुसलं.

“आज जा तू. एक दिवस तरी लवकर सूट,” मालतीबाई म्हणाल्या. टेबलावर तसंच एक पिवळं कार्ड पडलं होतं, त्यांच्या सुधीरचं. तो त्याच शाळेत स्काउटला होता. “याचंही बघ ना. खालच्यांची स्कूटर पुसली, पाच रुपये. समोरच्या आजोबांना पेपर वाचून दाखवला, त्यांनी तर दहा दिले. बासष्ट झाले. मी म्हटलं, सुध्या, इतके पैसे मी लग्नाआधी महिनाभर शिकवण्या करून मिळवत होते.”

दुर्गाबाई जिने उतरताना हिशेब करत होती. स्कूटर पुसायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. पंधरा धरू. पण पोरीचं ते वाक्य, आईचं काम हलकं होईल, ते मधे मधे येत होतं आणि हिशेब मोडत होता. त्या दिवशी ती दहालाच तिसऱ्या घरचं आटपून निघाली आणि येताना पाव किलो गूळ घेऊन आली.

शुक्रवारी कार्ड भरलं. अकरा घरं, बरोबर पंचवीस रुपये, अकरा सह्या.

शनिवारी एक तारीख. दुर्गाबाई भांडी घासत असताना मालतीबाईंनी मोरीच्या कट्ट्यावर पैसे ठेवले. तिने ओला हात लुगड्याला पुसून मोजले. चौतीस.

“वहिनी, एक कमी हाय.”

“गुरुवारचा खाडा नाही का तुझा?”

“खाडा? मी तर आले व्हते. तुमीच म्हनाल्या जा म्हून.”

“आलीस, पण काम कुठे केलंस? काम विशाखाने केलं. तिला मी दोन रुपये दिले. एकाच कामाचे दोनदा पैसे कसे देणार, सांग बरं?” मालतीबाई चिडलेल्या नव्हत्या. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होत्या.

दुर्गाबाईच्या हातात राखेने भरलेलं पातेलं होतं. ती ते तसंच धरून उभी राहिली.

“मंग ते दोन तुमी न्हाई दिले,” ती सावकाश म्हणाली. “एक तुमी दिला आन एक मी.”

“असं कसं?”

“माझा एक कापला, तिला दोन दिले. तुमच्या पदरचा एकच गेला. लेकरू म्हनतंय, घरच्यांचा पैसा कार्डावर चालत न्हाई. तुमी माझाच पैसा तिच्या कार्डावर लिवला, आन खाली सही केली.”

“अगं, एका रुपयासाठी काय शब्द काढतेस?”

“त्यो एक रुपया तुमीच कापला न्हवं? सुधीरबाबाला स्कूटर पुसायचे पाच. माझ्या पोरीला अडीच तासांचे दोन, त्यातबी एक माझा.”

“ते वेगळं असतं, दुर्गा. ती काय मजुरी असते का? लहानपणीच मुलांना श्रमाची किंमत कळावी, म्हणून देतात लोक कौतुकाने.”

“मंग मलाबी कळू द्या की.”

मालतीबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “फार लाडावून ठेवलं तुला. दिवाळीला साडी दिली, चहा देते रोज. मी बघते दुसरी कुणीतरी.”

“बघा.”

दुर्गाबाईने हातातलं पातेलं विसळलं आणि कट्ट्यावर पालथं घातलं. मोरीत अजून आठ-नऊ भांडी होती, राख लावलेली. ती तशीच ठेवून, चौतीस रुपये कनवटीला लावून ती दाराबाहेर पडली. पस्तीस रुपयांचं घर एका रुपयावरून गेलं होतं. ती स्वतःवर चिडली, मग मालतीबाईंवर, मग गाईडच्या बाईंवर, आणि ज्याने कुणी हे पिवळं कार्ड शोधून काढलं असेल त्याच्यावर. वाशीपासून तुर्भ्यापर्यंत चालताना तिने पोरीला काही सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं तर कार्ड चोवीसचं होणार. नाही सांगितलं तर पोर रविवारी तीन बोटं वर करून, मी खरं वागेन म्हणणार, आणि तिच्या खिशात हे कार्ड असणार.

घरी विशाखा पट्ट्याचं बक्कल चिंचेने घासत बसली होती. दुर्गाबाई पाणी प्यायली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

“राहू दे ना,” गंगाराम म्हणाला. “एका रुपयानं काय व्हतंय? कुनाला कळतंय?”

विशाखाने पेन काढलं. दोनावर रेघ मारली, वर एक लिहिला, खालची बेरीज खोडून चोवीस केली. मग पुन्हा बक्कल घासायला लागली. पण आता ती नुसतीच एका जागी घासत होती.

रविवारी सात वाजता शाळेसमोर बस उभी होती. मुलींच्या वळकट्या टपावर चढत होत्या. गाईडच्या बाई दारात उभ्या राहून कार्डं तपासत होत्या. तिशीच्या, गळ्यात शिट्टी, घाईत. विशाखाच्या कार्डावर त्यांचं बोट थांबलं.

“चोवीस? आणि ही खाडाखोड कसली?”

विशाखाने सांगितलं. कुणाचं नाव न घेता, काय झालं तेवढंच. बाईंनी ऐकलं, घड्याळ बघितलं आणि आवाज खाली आणला. “बरं, असं कर. आई आलीय ना? तिच्याकडून रुपया घे आणि पुरा कर. बस सुटायचीय.”

दुर्गाबाई दोन पावलं पुढे आली. “माझा रुपया चालत न्हाई, बाई. तुमचाच नियम हाय.”

“अहो, नियम तुमच्याच मुलीच्या भल्यासाठी असतो. मी सांगतेय ना चालेल म्हणून.”

“मालकिनीनं घातला तवा खोटा झाला, तुमी घालायला सांगितला की खरा व्हतो?” तिचा आवाज चढला होता. रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या. “माझ्याकडं रुपया हाय. ह्यो बघा. पन ह्यो मी न्हाई देनार. तुमच्याकडं काय काम असंल तर सांगा तिला. एका रुपयाचं.”

“आता इथे काय काम सांगू?”

दुर्गाबाईने बाईंच्या पायाशी बघितलं. तिथे त्यांची पत्र्याची ट्रंक होती आणि पट्ट्यांनी आवळलेला अंथरुणाचा होल्डॉल. “ते कोन चढवनार हाय वर?”

“क्लीनर चढवेल.”

“त्यो फुकट चढवतो का?”

विशाखाने आधी ट्रंक उचलली. बसच्या मागची शिडी तिला एका हाताने धरावी लागत होती; नवे बूट लोखंडी पायरीवर घसरत होते. दोनदा ट्रंक तिच्या गुडघ्यावर आदळली. दुर्गाबाई हात न लावता बघत राहिली. ट्रंक वर गेली, मग होल्डॉल. फ्रॉकला पुढून मातीचा मोठा पट्टा उठला. विशाखा खाली उतरली आणि कार्ड बाईंपुढे धरून सावधान उभी राहिली.

बाईंनी पर्समधून रुपया काढला. शेवटच्या रकान्यात ‘सामान चढवणे’ असं लिहिलं आणि बसच्या पत्र्यावर कार्ड टेकवून सही केली. “जा, बस आत,” एवढंच म्हणाल्या. दुर्गाबाईकडे त्यांनी बघितलं नाही.

बस गेली. आईबाप पांगले. दुर्गाबाई तुर्भ्याच्या रस्त्याला लागली नाही. ती पलीकडच्या सेक्टरमध्ये शिरली, जिथे ती आजवर कामाला गेली नव्हती. पहिल्या बिल्डिंगच्या तळमजल्यापासून सुरुवात केली. कुणी घरात नव्हतं, कुणाला बाई नको होती, एका दारात कुत्रं भुंकलं. चौथ्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर साखळी न काढता एका तरुण बाईने दार उघडलं. आत मूल रडत होतं.

“भांडी-कपडे करते,” दुर्गाबाई म्हणाली.

“किती घेशील?”

आजवर प्रत्येक दारात ती म्हणत आली होती, द्या काय ते.

“पंचेचाळीस,” ती म्हणाली.

“पंचेचाळीस? इथे सगळ्या पस्तीस घेतात.”

“घेत असतील.”

बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “थांब, यांना विचारते,” म्हणाली आणि दार लोटून आत गेली. आतून बोलणं ऐकू येत होतं. पुरुषाचा आवाज, मग तिचा, मग मूल. दुर्गाबाई कठड्याला टेकली नाही. दारापुढे सरळ उभी राहिली.