दोनशे दोनची कढई

भूमच्या गौरीशंकरचा चुंबकावर भारी विश्वास. वर्कशॉपात स्टीलचा पत्रा आला की खिशातलं चुंबक काढून लावायचं. चिकटलं न्हाय की पत्रा अस्सल ३०४ नंबरच्या स्टीलचा, विषय संपला! आता विश्वास पानिपतात गेला म्हणतात ते उगाच का?

त्या दुपारी डेअरीवाले महालिंगप्पा दुधाच्या टाकीची ऑर्डर द्यायला आले आणि त्यांनी पत्रा तपासायच्या औषधाची बाटलीच पुढं ठेवली.

"चुंबक ऱ्हाऊ दे. ते हलक्या २०२ ला बी चिकटत न्हाय. थेंब टाक."

गौरीशंकर हसला. कोपऱ्यातला उरलेला तुकडा पुसून त्यानं वर थेंब टाकला, बॅटरीची तार टेकवली. थेंब लालभडक झाला.

"झालं का? ह्ये २०२," महालिंगप्पा म्हणाले. "३०४ मधी आठ टक्के निकेल असतंय. यात निकेल कमी करून मँगनीज भरत्यात."

"पण अप्पा, पत्र्यावर ३०४ छापलंय की!"

"छापायला काय, शाई लागती. ताटवाट्याला चालतंय रे ह्ये. पण खारं पाणी आन् कोंडलेली वाफ लागली की वेल्डिंगपाशी चिरत जातंय, मग फुटतंय."

गौरीशंकरनं तुकडा उलटसुलट करून बघितला. ह्याच पत्र्याची खव्याची कढई त्यानं ईट गावी बहिणीला, राजेश्वरीला करून दिली होती. दुहेरी तळाची कढई. तळात बोअरचं खारं पाणी, खाली गॅसची शेगडी, त्या कोंडलेल्या वाफेवर वर दूध आटायचं. आणि कढईला खेटून राजेश्वरी दिवसभर उलथनं फिरवायची.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. दूध आटवताना ती फोन घेत नसे, हे त्याला ठाऊक होतं. पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असून काय उपयोग? मोटरसायकल काढली आणि सुटला. रस्त्यात दुरून धूर दिसला तसा त्यानं गाडीचा वेग वाढवला. जवळ गेल्यावर कळलं, कुणीतरी बांध पेटवलाय. "महादेवा, तेवढं तिला संभाळ," एवढंच तो पुटपुटत होता.

ईटला पोचला तर राजेश्वरी शेडमधी उभी. जित्ती. गुणगुणत उलथनं फिरवत होती.

"राजे, मागं सर! हात लावू नगंस कशाला!"

त्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं, धावत जाऊन सिलिंडर बंद केला, वाफेचा कॉक उघडला. वाफ किंचाळत बाहेर पडली. सगळं गार होईस्तोवर दोघं अंगणात उभी होती.

मग त्यानं खाली वाकून पाहिलं. वेल्डिंगच्या कडेनं बोटभर चीर गेली होती. वरनं चीर बुजवायची लांबी थापलेली.

"ह्ये कुणी लावलं?"

"म्याच. चार रोजापासनं गळतंय, अण्णा. सासूबाई म्हणल्या, मिस्त्री बोलवू. म्या म्हणलं, माझ्या अण्णाचं काम हाय, फुटायचं न्हाय."

गौरीशंकर मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. राजेश्वरीनं पाण्याचा तांब्या आणला, त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. पत्र्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली,

"अण्णा, हिच्यासंगं आनखी एक केली होती न्हवं तुमी? ती कुणाकडं हाय?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. ती सोनारी गावाला होती, पेढे करणाऱ्या सिताबाईकडं. तिच्या दोन सुना त्या कढईपाशी उभ्या असायच्या. भूमपासून इथवर आला, पण एवढ्या वाटेत एकदाही त्याला त्यांची आठवण आली नव्हती.

त्यानं सिताबाईचा नंबर लावला. फोन वाजू लागला. कुणी उचलेना.